वाट बघणाऱ्यांचं कर्म

१५ जून २०१६ रोजी हरारेच्या मैदानावर नागपूरचा फैज फजल भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. वय ३० वर्षं. झिम्बाब्वेविरुद्ध सलामीला येऊन त्यानं नाबाद ५५ धावा केल्या आणि भारतानं १० गडी राखून सामना जिंकला. भारताकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही. २००३पासून त्याच्या रणजीतल्या धावा मोजत आलेल्या विदर्भातल्या माणसांच्या वाट्याला ती एक दुपार आली. एवढ्याचसाठी इतकी वर्षं वाट बघितली का, असं त्यांच्यातल्या कुणाच्या मनात आलं असेल, तर तो प्रश्न क्रिकेटपुरता राहत नाही.

ज्याचं अजून काही झालेलं नाही अशा पोराकडे आशेनं बघताना आशा कुठे थांबते आणि हाव कुठे सुरू होते? गांधीजींचा आश्रम असलेल्या सेवाग्राममध्ये हे विचारायला खास कारण आहे. आश्रमाच्या प्रार्थनेत गांधीजींच्या काळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हटली जात. फळाची आस सुटलेल्या माणसाचं ते वर्णन. याच गावाहून वर्ध्यावरून नागपूरकडे निघालं की महामार्गावर जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम लागतं, आणि तिथे जमणारा प्रत्येक माणूस फळासाठीच आलेला असतो.

भारतीय संघापर्यंतची शिडी उंच आहे. १६ वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालच्यांसाठी कूचबिहार करंडक आणि विनू मांकड स्पर्धा, मग २३ वर्षांखालच्यांचा सी. के. नायुडू करंडक. त्यानंतर रणजी. लहान वयोगटात पोराच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवलं जातं. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षीच त्याच्या शरीराला भविष्याबद्दल जाब द्यावा लागतो. रणजीत ३८ संघ खेळतात. अकराच्या हिशोबानं ४१८ खेळाडू, आणि वर जागा पुन्हा अकराच.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत होतकरू पोरांकडे असं आशेनं बघणं अधिकच पद्धतशीर झालं आहे. मोठ्या संघांच्या हाताखाली दुय्यम संघ असतात. तिथल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या गुणवत्ता याद्या निघतात आणि चाहते त्या बारकाईनं वाचतात. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं. २००९मध्ये रिंकूच्या नावावर दुय्यम लीगमधला एक विजयही लागला. पण सर्वोच्च लीगपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. मग त्यांचा प्रवास फसला म्हणायचा का?

गीतेतला उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. अर्जुनाच्या हातात धनुष्य आहे, म्हणून त्याला सांगता येतं की कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही. प्रेक्षकाचं तसं नाही. बॅट त्याच्या हातात नाही, घाम त्याचा नाही, पायाचा स्नायू दुखावला तर तोही त्याचा नाही. तरी फळ मात्र पूर्ण हवं. कर्म शून्य आणि फलेच्छा शंभर टक्के, अशी ही अवघड जागा आहे. इथे ‘फळ सोड’ म्हणून भागत नाही. आधी बघणाऱ्याचं कर्म कोणतं, ते शोधावं लागतं.

त्या शोधात गांधीजींची मदत होते. ‘अनासक्तियोग’ हे त्यांचं गीतेचं गुजराती भाषांतर दांडीयात्रा सुरू झाली त्याच दिवशी, १२ मार्च १९३० रोजी, प्रसिद्ध झालं. प्रस्तावनेत ते बजावतात की फलत्याग म्हणजे परिणामाबद्दलची बेफिकिरी नव्हे. काय घडायला हवं, कशानं घडेल आणि आपली ताकद किती, हे करणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. आश्रमातल्या सूतकताईतही हाच कडकपणा होता. सूत मोजलं जाई, त्याची नोंद होई. म्हणून धावा, बळी, सरासरी यांची वही ठेवणारा चाहता लोभी ठरत नाही. उलट, पोरगा कसा खेळला ते न बघता ‘हा भारताकडून खेळणार’ एवढंच घोकणाऱ्यानं आपलं काम टाळलेलं असतं.

दुसरं उत्तर सेवाग्रामच्याच मातीतलं आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून हातकामातून शिकवणाऱ्या नयी तालीमची कल्पना पुढे आली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला आणि आर्यनायकम् व आशादेवी यांनी ती सेवाग्राममध्ये राबवली. मुलानं कातलेलं सूत खरंच वापरता यावं, असा तिथला आग्रह होता. मोठेपणी काय होईल याची रंगीत तालीम म्हणून मूल काम करत नव्हतं, त्याचं आजचं काम आजच खरं होतं. कूचबिहार करंडकाच्या सामन्यात एखाद्या सतरा वर्षांच्या पोरानं दिवसभर एक बाजू लावून धरली, तर ती खेळीही त्या संध्याकाळी पूर्ण झालेली असते. ती कुठल्या मोठ्या खेळीची पायरी आहे की नाही, यावर तिचं मोल का ठरावं?

यावरचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ज्या घरानं पोटाला चिमटा घेऊन किट घेतलं, त्या घराला अनासक्ती शिकवायला जाणं निर्दयपणाचं आहे. उमेश यादव खाणकामगाराचा मुलगा. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला, लेदर बॉलकडे उशिरा वळला, पोलिसात नोकरी मिळावी म्हणूनही त्यानं धडपड केली. नोव्हेंबर २०११मध्ये तो कसोटी खेळला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. पुढे ५७ कसोटींत त्यानं १७० बळी घेतले. अशा घरात फळ म्हणजे भाकरी असते, छप्पर असतं. आई-बापाची आस वेगळी आणि स्टँडमधल्या माणसाची वेगळी. संयम मागायचाच तर तो स्टँडमधल्या माणसाकडे मागावा, कारण पोरगा पडला तर त्याचं काहीच जात नाही.

‘आपला पोरगा’ या शब्दांतही आसक्ती लपलेली असते. डिसेंबर १९४०मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ धर्मवार संघांच्या पंचरंगी क्रिकेट स्पर्धेबद्दल विचारायला वर्ध्याला आलं, तेव्हा महाविद्यालयांचे, संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुस्लिम अशा संघांचं कारण आपल्याला कधी कळलं नाही, असं गांधीजींनी सांगितलं. आपलेपणा कुठवर निरोगी, याची रेघ त्यांनी तिथे ओढली. विदर्भाच्या चाहत्यांनी मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा करुण नायर यांना आपलं म्हटलं, ही म्हणूनच साधी गोष्ट नाही.

१९५७-५८मध्ये रणजीत उतरलेल्या विदर्भानं १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक जिंकला. कर्णधार फजलच होता. त्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. उपांत्य फेरीत कर्नाटकाविरुद्ध त्यानं १२ गडी बाद केले आणि विदर्भ अवघ्या ५ धावांनी जिंकला. गुरबानीला भारतीय संघाचं दार उघडलं नाही म्हणून त्या ५ धावा सहा होत नाहीत, की चार होत नाहीत.

२०२४-२५मध्ये डावरा फिरकीपटू हर्ष दुबे यानं एका रणजी मोसमात ६९ बळींचा विक्रम केला. यश राठोडनं ९६० धावा जमवल्या, आणि पहिलाच मोसम खेळणाऱ्या दानिश मालेवारनं केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात जामठ्यावर १५३ धावा काढल्या. ‘आता भारताकडून कधी?’ हा प्रश्न अशा मोसमानंतर येणारच आणि विचारणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं. पण बघणाऱ्याचं कर्म त्याआधीच सुरू झालेलं असतं: कामाच्या दिवशी नायुडू करंडकाच्या सामन्याला जाऊन बसणं, तेविशी ओलांडताच वयोगटातून बाहेर पडलेल्या आणि रणजी संघात जागा न मिळालेल्या पोराची चौकशी करणं, त्याला नोकरी लागली का ते विचारणं.