सकाळी आठची हाक

वाईचे काका तारखात्यातून निवृत्त झालेले. तार गेली तरी हाताची सवय जाईना, म्हणून त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला. चिपळूणच्या मुलाने तो काढला २०२१च्या जुलैनंतर. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, फोन मुके झाले आणि त्याने ती रात्र माळ्यावर बसून काढली होती.

दोघांची ओळख नव्हती, पण आवड एकच: ऑलिव्हिया. पोलंडच्या एका हौशी रेडिओवाल्याने बसवलेली ही पद्धत, नाव त्याच्या मुलीचं. टाइप केलेली अक्षरं सुरांत बदलून जातात आणि कानाला नुसती खरखर येत असतानाही पलीकडच्या संगणकावर उमटतात. पुराच्या रात्री हिचं मोल कळतं, म्हणून ही गोष्ट मला सांगावीशी वाटते.

पुण्यात हॅम मंडळींच्या एका मेळाव्यात दोघे शेजारी बसले.

"ऑलिव्हियावर आपल्याकडे कुणीच नसतं," मुलगा म्हणाला.

"खरंय. तीन महिने रोज सकाळी आठला सीक्यू देतोय. चिटपाखरू नाही."

मुलगा चमकला. तोही आठलाच सीक्यूची, म्हणजे 'कुणी आहे का?' अशी, हाक मारत होता. दोघांनी लॉगबुकं शेजारी शेजारी उघडली. तारखा त्याच, वेळ तीच, शेराही तोच: उत्तर नाही. काका ७.०४३ मेगाहर्ट्झवर होते, मुलगा ७.०५१वर. पडद्यावर एका वेळी जेमतेम तीन किलोहर्ट्झचा पट्टा दिसतो. आठ किलोहर्ट्झ पलीकडचा माणूस दिसणार कसा?

"तूच माझ्याकडे ये," काका म्हणाले. "माझी जागा अगदी शांत आहे."

"काका, शांत आहे, कारण तिथे कुणी नसतं. परवान्याची वाट बघणारे माझे दोन मित्र ७.०५१वर रोज ऐकत बसतात."

काका बराच वेळ बोलले नाहीत. ती जागा त्यांनी महिनाभर शोधून काढली होती. मग त्यांनी पेन घेतलं आणि वहीतला ७.०४३ स्वतःच खोडला.

दुसऱ्या दिवशी आठला पडद्यावर पट्टे उमटले, अक्षरं मात्र सगळी भलतीच. मुलाने फोन केला. काका सोळा सुरांची, ५०० हर्ट्झची ऑलिव्हिया लावून बसले होते. तो आठ सुरांची, २५० हर्ट्झची.

"तुझीच का?"

"जागा कमी अडवते, काका."

काकांनी बदलली. सावकाश, एकेक करत अक्षरं आली: काका, नमस्कार.

ऑलिव्हियाची चाल संथ, मिनिटाला पंधराएक शब्द. एवढ्या दिवसांचं साठलेलं बोलायचं म्हणजे तास मोडणार. मुलगा रंगात आला, तसं काकांनी लिहिलं, "आपली गाठ पारावर पडली. गप्पा घरी जाऊन मारू. दोन किलोहर्ट्झ वर सरक, पार मोकळा राहू दे." दोघे सरकले. पुढे तो रोजचा शिरस्ताच झाला.

श्रावणातल्या एका सकाळी गप्पा आटोपून काका ७.०५१वर परतले. बाहेर पावसाची झड, स्पीकरमध्ये खरखर. पडद्यावर एक फिकट पट्टा सरकत होता. सीक्यू, सीक्यू. पुढचा कॉलसाइन व्हीयूने सुरू होणारा, म्हणजे भारतातलाच, पण कधी न पाहिलेला. इतके महिने नुसतं ऐकत बसलेल्या दोघांपैकी एकाला परवाना मिळाला होता.

काकांनी खुर्ची पुढे ओढली.