एफा लहान, शेकेल मोठा
(आमोस ८ : ४-६)

आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलातील धान्य विकणाऱ्यांवर त्याने जो दोष ठेविला तो पाहा. त्यांचा एफा लहान, शेकेल मोठा, आणि गव्हाबरोबर भूसही विकावयाचे! माप अपुरे, दाम अधिक, माल निकृष्ट. गरिबाची नाडणूक तिन्ही वाटांनी. शिवाय शब्बाथ केव्हा सरतो याचीच त्यांस उतावीळ. (उपासनेत बसून मन गल्ल्यापाशी ठेवणारे आजही आहेतच.)

त्या काळी रुपे तोलून दाम देत, आणि वजने दगडाची असत. यहूदात उत्खननांत सापडलेले शेकेलाचे दगड सुमारे ११ ग्रॅमांचे आहेत. एवढ्याशा दगडात गुंजभर फरक केला तर कोणाच्या ध्यानात येणार? म्हणूनच अनुवाद २५ : १३ मध्ये थैलीत दोन तऱ्हेची वजने नुसती बाळगण्यासही मनाई आहे.

आज वजनांवर सरकारी शिक्का असतो. तरी सायंकाळी मजुरी हाती पडल्यावर पाव किलो डाळ घेणारीच्या घरी तराजू नाही. गोणी घेणाऱ्यास २० ग्रॅमांचे काय? तिच्या घरी मात्र तेवढ्याने शेवटच्या मुलाच्या ताटातले वरण पातळ होते, आणि ते रोज.

गिऱ्हाइकासही शास्त्राने सोडिले नाही. माल वाईट म्हणून भाव पाडावयाचा व मागून फुशारकी मारावयाची, हे नीतिसूत्रे २० : १४ मध्ये आहे. भाजीवालीकडून चुकून अधिक आलेली मोड मुकाट्याने कनवटीस लावणारा त्यातलाच.

दुकानदार बंधूंनो, उद्या दुकान उघडताच पारडी रिकामी असता काटा कोठे उभा राहतो, तेवढे पाहा.