अंगठा उठवला म्हणजे होकार झाला का?



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने त्रासलेली एक बाई आहे. तिने गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला केलेला स्पर्श आपल्या सर्वांच्या लक्षात राहतो. पण त्याआधी मार्कने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट आपण घाईने ओलांडून जातो. ही बाई पुष्कळ वैद्यांकडे जाऊन आली होती, जवळ होते नव्हते ते तिने खर्चून टाकले होते, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढलेच होते. संत लूक हीच घटना सांगतो तेव्हा दुखणे वाढल्याचा उल्लेख करीत नाही. कोणाच्या हातून तिला गुण आला नाही, एवढेच म्हणतो. लूक स्वतः वैद्य होता अशी परंपरा आहे. त्याने आपल्या व्यवसायबंधूंना थोडे सांभाळून घेतले असावे, असे सेमिनरीत गमतीने म्हटले जाई.

गंमत बाजूला ठेवू. हा उतारा गेवराईत वाचताना आम्हाला दोन हजार वर्षे मागे जावे लागत नाही. आपल्या तालुक्यात, आपल्या वस्त्यांवर ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द बायका इतक्या सहज उच्चारतात की जणू दुखणारी दाढ काढली. तिशीतली बाई सांगते, तिच्या जावेने सांगितलेले असते, आणि ऐकणारीला त्यात नवल वाटत नाही. नवल वाटत नाही याचेच आम्हाला नवल वाटते.

आकडे आपल्याच जिल्ह्याचे आहेत. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, आधीच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी केव्हा ना केव्हा काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभराची तुलना करायची तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. आपल्या मातीत असा कोणता रोग आहे, जो कोयता हाती धरणाऱ्या बाईलाच गाठतो?

रोग शोधायचा तर फडात जावे लागेल. आपल्या धर्मग्रामातील जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात जातात आणि ज्यांचा नाताळ उसाच्या फडातच होतो, त्यांना हे सांगायला नको. पण गावात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ते नीट ठाऊक नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही. म्हणून तर मुलींची लग्ने पंधरा-सोळाव्या वर्षी उरकली जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढचे पाच-सहा महिने ती अंगमेहनतीने फेडायची. पहाटे अंधारात कामाला लागायचे, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. कारखान्याची गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांत हे सारे तसेच. आणि एक दिवस अंग टाकले तर खाडा. २०१९ साली वर्तमानपत्रांतून हा प्रश्न पुढे आला, तेव्हा खाड्याचा दंड दिवसाला ५०० रुपये असल्याचे बायकांनीच सांगितले होते. खाडा पूर्ण कोयत्यावर बसतो, म्हणजे बायको आजारी आणि भुर्दंड दोघांना.

अशा बाईच्या अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट दुखते, पाळीत रक्त फार जाते. यातले बरेचसे जंतुसंसर्गाचे असते. स्वच्छ पाणी, वेळेवर मिळालेल्या गोळ्या आणि चार दिवसांची विश्रांती, एवढ्याने पुष्कळांना बरे वाटेल. रक्त फार जात असेल तर त्यालाही आधी औषधे आहेत, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. पण गोळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवायला यावे लागते, आणि फडातून पुन्हा पुन्हा येता येत नाही. मग सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असे कोणीतरी सांगते. त्या एका शब्दाने बाईचे पाय गळतात. मुले लहान असतात. नवरा मुकादमाकडे जातो, मुकादम आणखी उचल देतो, आणि ती पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते. कागद पुढे येतो. बाई सही करते किंवा अंगठा उठवते.

येथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. आपण कोणालाही विचारले तरी उत्तर तयार असते. डॉक्टर म्हणतो, तिने संमती दिली. मुकादम म्हणतो, मी कोणाला ऑपरेशन करा म्हटले नाही, अडचणीला पैसे दिले. नवरा म्हणतो, तिचीच इच्छा होती. आणि तिला विचारले तर तीही म्हणते, हो, माझीच इच्छा होती, दर महिन्याची कटकट गेली. चौघांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. तरीही एक निरोगी किंवा साध्या औषधाने बरा होणारा अवयव पंचविशी-तिशीत शरीरातून गेलेला असतो. मग चूक कोठे झाली?

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले, तेव्हा मजुरीच्या कराराबद्दल हाच पेच त्यांच्यासमोर होता. मालक म्हणत, मजुराने आपखुशीने मजुरी ठरवली, मग अन्याय कसला? पोप महोदयांचे उत्तर असे होते की, अधिक वाईट संकटाच्या भीतीने एखाद्याने कठोर अटी मान्य केल्या, कारण दुसरे कोणी काही देऊच करीत नव्हते, तर ती संमती नाही, ती जबरदस्तीच आहे. कराराच्या वर आणि कराराच्या आधी एक न्याय असतो. हे विधान मजुरीविषयी आहे, पण ते संमतिपत्रालाही शब्दशः लागू पडते असे आमचे मत आहे. ज्या बाईपुढे विश्रांतीचा मार्ग बंद, पुन्हा तपासणीला येण्याचा मार्ग बंद, खाड्याविना आजारी पडण्याचा मार्ग बंद, तिच्यापुढे उरलेल्या एका दाराला आपण ‘निवड’ म्हणावे काय? निवडीला किमान दोन दारे लागतात.

अवयव काढणे मुळातच पाप आहे, असे ख्रिस्तसभा कधीच म्हणालेली नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच स्पष्ट केले होते की, अवयव हा संपूर्ण देहासाठी असतो, म्हणून संपूर्ण देहाच्या भल्यासाठी सडलेला अवयव कापणे योग्य ठरते. गर्भाशयाचा कर्करोग, मोठ्या गाठी, कशानेही न थांबणारा रक्तस्राव यांत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, आणि ती कौशल्याने व सचोटीने करणारे डॉक्टर आपल्या जिल्ह्यातही आहेत. आपल्यापैकी ज्या भगिनींनी योग्य कारणासाठी ती करून घेतली आहे, त्यांनी हे वाचून मनात किंतु आणू नये.

पण संत थॉमस यांच्या तत्त्वात एक शब्द फार मोलाचा आहे: ‘संपूर्ण’. कोणाचे संपूर्ण? पोप पायस बारावे यांनी १९५२ साली वैद्यकीय संशोधकांपुढे बोलताना याच शब्दावर बोट ठेवले. हात हा शरीराचा भाग आहे, तसा माणूस हा समाजाचा भाग नाही. हाताला शरीराबाहेर स्वतःचे असे काही प्रयोजन नाही, माणसाला आहे. म्हणून समाजाच्या, राज्याच्या किंवा शास्त्राच्या फायद्यासाठी माणसाच्या देहाचा हिशेब लावता येत नाही. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते, छावण्यांमध्ये डॉक्टरांनी काय केले ते जगापुढे आले होते, त्यामुळे या बोलण्याला धार होती. आमच्या मते उसाच्या फडात हेच उलटे घडते. खाडा पडू नये म्हणून पिशवी जाते, तेव्हा ‘संपूर्ण’ म्हणजे ती बाई राहत नाही. ‘संपूर्ण’ म्हणजे कोयता, टोळी, कारखान्याचे गाळप. आणि बाई त्या संपूर्णाचा एक अवयव होऊन बसते.

बरे, एवढे करून तिला काय मिळते? पाळी थांबते, हे खरे. पण पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर शरीराला लागणारी संप्रेरके एकाएकी बंद होतात. तिशीतल्या बाईला पन्नाशीतल्या बाईचे शरीर मिळते: अंगात गरम वाफा, झोप नाही, हाडे ठिसूळ होऊ लागतात, पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती काहीशी लवकर थकतात. कंबरदुखी घेऊन ती परत त्याच फडात, त्याच मोळीखाली जाते. दुखणे कामाच्या रीतीत होते आणि शस्त्र देहावर चालले. याला आम्ही उपचार म्हणायला तयार नाही. पायाला जोडा लागतो म्हणून पाय तासण्याचा हा प्रकार आहे.

पुरुषाने, त्यातही धर्मगुरूने, यावर बोलावे का, असे एका भगिनीने मिस्सानंतर आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी मोळी उचलणे म्हणजे काय, हे आम्हाला कळणार नाही. ‘कटकट गेली’ म्हणणाऱ्या बाईला तू चुकलीस, असे सांगण्याचा अधिकार आम्ही मागत नाही. पण फडातली नियमावली बायकांनी केलेली नाही. मुकादम पुरुष, गाडीमालक पुरुष, कारखान्याचे संचालक बहुतेक पुरुष. त्यांच्याशी तरी आम्ही बोलू शकतो.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१९ साली जिल्हा प्रशासनाने अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. त्यांत चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची तपासणी सक्तीची आहे. ती याचिका मुळात राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधील गरीब बायकांविषयी होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा रोग आपल्या मातीचा नाही हेही कळते. जेथे बाई गरीब आणि तिची विश्रांती महाग, तेथे तो उद्भवतो.

हे नियम हवेच होते. तरी त्यांत एक उणीव आम्हाला दिसते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. परवानगी देणारा अधिकारी पिशवीचे कागद पाहतो. खाड्याची वही त्याच्यापुढे येत नाही. समजा त्याने परवानगी नाकारली, तर बाईचा अवयव वाचला, पण दुखणे? ते घेऊन ती त्याच उचलीवर, त्याच फडात जाणार. उद्या ती म्हणेल, ऑपरेशनही करू देत नाहीत आणि सुट्टीही देत नाहीत. फक्त दार बंद केल्याने न्याय होत नाही, दुसरे दार उघडावे लागते.

म्हणून काही साध्या गोष्टी. कोणी ‘पिशवी काढा’ म्हटले तर त्याच दिवशी कागदावर अंगठा देऊ नका. उपजिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दाखवा. नेमका आजार कोणता, आधी कोणती औषधे देऊन पाहिली आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे तिन्ही विचारा आणि लिहून मागा. ‘कॅन्सर होईल’ असे सांगितले तर कशावरून, तपासणी कोणती केली, ते विचारा. पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. सोनोग्राफीचे कागद घरी जपून ठेवा, दवाखान्यात सोडून येऊ नका. आपल्या धर्मग्रामात ज्या भगिनी परिचारिका किंवा आशाताई आहेत, त्यांनी फडावर निघणाऱ्या बायकांची तपासणी ऑक्टोबरात गाड्या भरण्यापूर्वीच व्हावी, यासाठी आम्हाला येऊन भेटावे. मिशनच्या आवारात जागा आहे, पाणी आहे.

आणि मुकादमकी करणारे जे दोघे-तिघे भाऊ रविवारी मागच्या बाकावर बसतात, त्यांच्याशी आम्ही स्वतंत्रपणे बोलणार आहोतच. विषय त्यांना आजच कळावा म्हणून येथे लिहितो. महिन्यातून तीन दिवस बाईचा खाडा धरायचा नाही, असे एका टोळीने ठरवले, तर हंगामात कोयत्यामागे पंधरा-सोळा दिवस होतात. त्याचा भार किती, तो कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून की कमिशनमधून भरून निघेल, याचा हिशेब आम्हाला जमणार नाही, तुम्हाला जमेल. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर वही घेऊन या.