हाडांपर्यंतचं आत्मचित्र

विशीतल्या एडवर्ड स्टायकननं 1902 साली छायाचित्रातून स्वतःचं आत्मचित्र केलं. त्यात त्याच्या हाती कुंचला आणि रंगपाटी आहे, कॅमेरा कुठेच नाही. छायाचित्रण हे यंत्राचं काम, ती कला नव्हे, हा टोमणा तेव्हा जोरात होता. स्टायकननं त्याला उत्तर दिलं ते छपाईतून. डिंक, रंगद्रव्य आणि पोटॅशियम बायक्रोमेट यांचं मिश्रण कागदावर फासायचं आणि वर निगेटिव्ह ठेवून तो उजेडात धरायचा. उजेड लागेल तिथला डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्यानं धुऊन जातो. धुताना कुंचला फिरवला की नको तो तपशील पुसता येतो. या चित्रात ते फटकारे उघड दिसतात. पुढच्याच वर्षी ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकात ते कोरीव पत्र्यावरून शाईनं छापलं गेलं. चित्र देखणं आहे खरं, पण मला ते जरा लाचार वाटतं. चित्रकलेच्या दारात उभं राहून ‘मलाही आत घ्या’ म्हणणारं.

चित्रकार एडवर्ड मुंकला अशा दाखल्याची गरज नव्हती. त्यानंही 1902 मध्येच बर्लिनमध्ये कोडॅक कॅमेरा घेतला आणि स्वतःचे फोटो काढले. त्यांतल्या काहींत तो हलल्यामुळे पुसट, जवळजवळ पारदर्शक झाला आहे. एरवी जी चूक मानली जाते, तीच इथे मनःस्थिती सांगते. त्याआधी, 1895 च्या शिळाछापातल्या आत्मचित्रात, त्यानं काळ्या पार्श्वभूमीवर फक्त चेहरा ठेवला होता आणि खालच्या कडेला सांगाड्याचा हात आडवा टाकला होता. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ राँटगेननं बायकोच्या हाताचं क्ष-किरण चित्र घेतलं. मुंकनं कल्पनेनं काढलेलं हाड आता यंत्रालाही दिसू लागलं.

ते यंत्र आत्मचित्रात वापरलं अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गनं. लॉस एंजेलिसच्या जेमिनी या छपाईच्या कार्यशाळेत 1967 साली झालेलं ‘बूस्टर’ सुमारे सहा फूट उंच आहे. अंगावर फक्त बूट ठेवून त्यानं संपूर्ण शरीराचे एक्स-रे काढून घेतले. ते तुकडे एकावर एक जोडून शिळाछापात उतरवले, भोवती ड्रिल आणि उडी घेणारे खेळाडू आणले आणि वर त्या वर्षाचा ग्रहांचा तक्ता लाल रंगात स्क्रीननं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, छापला. कवटी आहे, नाकडोळे नाहीत. पायांशी बुटांचे खिळे तेवढे चमकतात. त्या खिळ्यांमुळेच हा सांगाडा कुठल्याही माणसाचा राहत नाही. बूट घालून मशीनसमोर उभ्या राहिलेल्या एका माणसाचा होतो. स्टायकननं यंत्र लपवायला छपाई वापरली, राउशेनबर्गनं यंत्राला दिसलेलं मान्य करायला.

अँडी वॉरहॉल उलट दिशेनं गेला. 1986 मध्ये त्यानं ताठ उभ्या केसांचा टोप घातलेले आपले पोलरॉइड मोठ्या कॅनव्हासवर स्क्रीननं छापले. तपशील गळाले, एका सपाट रंगात डोकं तेवढं काळोखात उरलं. काही महिन्यांनी, फेब्रुवारी 1987 मध्ये, तो गेला. म्हणून लोक त्या चित्रांत मृत्यूची चाहूल शोधतात. मला ते ओढूनताणून वाटतं. तो मुखवटा आहे, आणि तसा तो चोख आहे. ‘बूस्टर’ मात्र मला त्याच्याहून कितीतरी जास्त प्रामाणिक वाटतं.

आज संगणकावर फोटोचे ठळक काळे-पांढरे भाग पाडून तो छपाईच्या स्क्रीनवर चढवणं अगदी सोपं झालं आहे. अशा आत्मचित्रासमोर उभं राहाल तेव्हा चेहरा किती हुबेहूब आहे हे पाहू नका. छपाईनं मूळ फोटोतलं काय घालवलं, आणि ते कलावंतानं का घालवू दिलं, तेवढं तपासा.