वर्णाभिमानाचे निरसन आणि नित्य आचार



जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत, ही आपल्या शास्त्राची पहिली पायरी होय. यांतील जीव स्वरूपतः काळा नाही, गोरा नाही. उच्च नाही, नीचही नाही. रंग, रूप, कुळ, जाती ही देहाची, म्हणजे प्रपंचाची लक्षणे होत. ती जीवावर लादून त्याची योग्यता ठरविणे हे अन्यथाज्ञान. एवढे प्रत्येक साधकास ठाऊक असते. परंतु हे अन्यथाज्ञान एका मनापुरते न राहता सबंध नगराच्या व्यवहारात मुरले, राजनियम होऊन बसले, तर ते कसे उपटावे? केवळ विचार सांगून ते उपटते काय? या प्रश्नाचे मनन करताना अमेरिकेतील एका नगराचा वृत्तान्त उपयोगी पडतो.

अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी नगरात बसगाड्यांतून प्रवास करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कृष्णवर्णीय होते. तरी पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयाने तेथे बसायचे नाही. पुष्कळदा त्याने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे. तेवढ्यात कधी गाडी निघूनही जाई. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली.

येथवरची कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु मननीय भाग पुढचा आहे. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके काढली आणि सकाळी ती ठिकठिकाणी पोहोचविली. हे एका रात्रीत सुचलेले कार्य नव्हते. तेथील स्त्रियांचे मंडळ १९४६ पासून काम करीत होते आणि १९५४ मध्येच रॉबिन्सनबाईंनी नगराध्यक्षांस पत्र लिहून बसवरील बहिष्काराचा इशारा दिला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांची नेतेपदी निवड झाली ती ५ डिसेंबरला, बहिष्कार सुरू झाला त्या दिवशी. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. भूमी आधीच नांगरलेली होती. नाव मागाहून झाले.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. मोलकरणी, धोबिणी, मजूर पायी कामावर गेले. सुमारे ३०० खाजगी मोटारी लोकांची ने-आण करू लागल्या. कोणी कोठे उभे राहायचे, कोणती मोटार केव्हा यायची, याची शिस्तबद्ध व्यवस्था झाली. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी मैत्रिणींसह जेवण व गोड पदार्थ विकून इंधनाचा खर्च भागविला. पैसे कोठून आले असे विचारल्यास ‘कोठूनच नाही’ असे उत्तर देता यावे, म्हणून आपल्या मंडळाचे नावच त्यांनी त्या अर्थाचे ठेवले. कारण देणाऱ्यांची नावे कळली असती तर त्यांची नोकरी गेली असती. गिलमोरबाईंची स्वतःची नोकरी तर गेलीच. ३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. संतप्त जमाव शस्त्रे घेऊन जमला, तेव्हा त्यांनी सर्वांस शस्त्रे घेऊन घरी जाण्यास व शत्रूचाही द्वेष न करण्यास सांगितले. अहिंसा कानावर पडणे वेगळे आणि स्वतःच्या घरावर बॉम्ब पडल्यावर ती पाळणे वेगळे, हे जाणत्यांनी ध्यानी घ्यावे. अखेर सर्वोच्च न्यायालयाने तो भेदाचा नियम रद्द ठरविला आणि २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक मोकळ्या जागी बसून प्रवास करू लागले.

या वृत्तान्तात एक काटाही आहे. तो लपवू नये. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या मुलीने असाच नकार दिला होता व तिलाही अटक झाली होती. परंतु ती वयाने लहान, गरीब वस्तीतली. तिला पुढे करणे पुढाऱ्यांस योग्य वाटले नाही. भेदाशी झगडणाऱ्यांच्या मनातही उतरंड असते ती अशी. पुढे ज्या दाव्यात निकाल लागला, त्यातील चार वादी स्त्रियांपैकी एक मात्र तीच होती.

किंग १९५९ साली भारतात आले. केरळातील एका शाळेत अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलांपुढे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ अशी करून दिली. प्रथम त्यांना ते खटकले. मग आपली व आपल्या बांधवांची दशा आठवून त्यांनी ते मान्य केले. हे त्यांनी स्वतःच १९६५ साली आपल्या प्रवचनात सांगितले आहे. म्हणजे तेथील रोग ओळखताना त्यांना आपल्या घरच्या रोगाचे नाव उपयोगी पडले. मग आपण तो परका कसा म्हणावा?

सर्वज्ञांनी भिक्षेसाठी चारही वर्णांची घरे मोकळी केली. श्रीगोविंदप्रभु रिद्धपुरात मातंगांच्याही घरी जात. भिक्षेची झोळी हे केवळ उदरभरणाचे साधन नव्हे. रोज अनोळखी दारी उभे राहून, मिळेल ते एकत्र करून सेवन करताना वर्णाभिमान रोज थोडा झिजतो. मॉन्टगोमेरीच्या बायांनी ३८१ दिवस पायांनी जे केले, ते आपल्याला झोळीने आयुष्यभर करावयास सांगितले आहे. एक दिवसाच्या उमाळ्याने अभिमान जात नाही. नित्य विधीने जातो.

परंतु आपण ते करतो काय? काही वर्षांपूर्वी एका गावी पर्वाच्या उपहाराच्या वेळी एक वृद्ध वासनिक पंक्तीत जागा असूनही दाराशी बसलेले मी पाहिले. कोणी त्यांना तेथे बसविले नव्हते. तीच त्यांची नेहमीची जागा होती. मी समतेवर निरूपण केले, दंडवत स्वीकारले आणि निघून आलो. उठून त्यांच्या शेजारी बसलो नाही. राखीव जागा बसगाडीतच असतात असे नाही. त्या सवयीतही असतात, आणि सवयीतली जागा न्यायालयास दिसत नाही. ती साधकानेच पाहिली पाहिजे.

म्हणून प्रत्येक आश्रमाने व प्रत्येक गावच्या वासनिक मंडळींनी आपल्याकडे दाराशी कोण बसते, कोणाच्या घरची भिक्षा टळते, नव्या उपदेश्याची जात कोण विचारते, हे शोधावे. रागावून नव्हे, कोणास लाजवून नव्हे. आधी आपण उठून तेथे बसावे. ज्याचे नाम आपण अहर्निश घेतो, त्याचे नावच कृष्ण आहे. त्या नावाचे स्मरण करणाऱ्याने देहाचा वर्ण पाहून जीव मापू नये, एवढीच विनंती.

दंडवत प्रणाम.