ईस्टरनंतरचा सोमवार

उत्तम शुक्रवारी आपल्याकडील बहुतेक शाळांना सुट्टी असते. ईस्टर रविवारीच येत असल्यामुळे त्याला वेगळी सुट्टी लागत नाही. यातून एक गोष्ट घडते व तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शाळेतल्या मुलाला प्रभूच्या मरणाची वार्ता निदान सुट्टीच्या रूपाने तरी पोहोचते. त्याच्या पुनरुत्थानाची मात्र पोहोचत नाही. ती पोहोचायचीच असेल तर सोमवारी, हजेरी घेतल्यानंतर, शिक्षकाच्या मुखाने व वागण्याने पोहोचणार. म्हणून एक प्रश्न मी आपणापुढे ठेवू इच्छितो. ज्या लहानशा मिशन शाळेत बरीच मुले ख्रिस्ती घरांतील नसतात, तेथे त्या सोमवारी शिक्षकाने काय सांगावे? आणि किती सांगण्याचा त्याला अधिकार आहे?

ल्यूथरन प्राथमिक शाळेचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण शाळा ही त्या परंपरेच्या पायातच घातलेली आहे. मार्टिन ल्यूथर यांनी १५२४ साली जर्मनीतील नगरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढण्याची कळकळीची विनंती केली. त्यात मुलींच्या शिक्षणाचाही विचार होता. पुढे सॅक्सनीतील मंडळ्यांना भेटी देताना तेथील लोकांचे अज्ञान पाहून ते व्यथित झाले आणि १५२९ साली त्यांनी आपली लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. भारतात हीच परंपरा १७०६ साली त्रांकेबार येथे उतरली. बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग व हाइन्रिख प्ल्यूत्शाउ हे दोघे तरुण तेथे आले, तेव्हा प्रथम त्यांनी शाळा काढली नाही. ते शाळेत बसले. एका वृद्ध तमिळ पंतोजींच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून त्यांनी वाळूत तमिळ अक्षरे गिरवली. पुढे १८४५ साली गॉस्नर यांनी पाठवलेले मिशनरी रांचीला पोहोचले, आणि छोटा नागपूरच्या खेड्यापाड्यांत शाळा उभ्या राहिल्या. आपल्या मराठी मुलखाच्या उत्तर सीमेवर छिंदवाडा आणि बैतुल या भागांतही स्वीडिश ल्यूथरन मिशनने काम केले. तेव्हा ज्या परंपरेच्या सेवकांनी या देशात आधी विद्यार्थी होऊन मग शिक्षकपण स्वीकारले, तिच्या शाळेत शिक्षकाच्या अधिकाराचा प्रश्न विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

आपण ही कसोटी जरा कठीण जागी लावून पाहू या. काशीत पंचगंगा घाटाजवळ मंगला गौरीचे मंदिर आहे व भोवतीची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. श्रावणातील मंगळागौरीमुळे हे नाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. शिवाय भोसले घाट आणि शिंदे घाट तेथून जवळच आहेत, आणि दुर्गा घाट व ब्रह्मा घाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. शिंदे घाटाला लागूनच मणिकर्णिका आहे, आणि तेथील चिता रात्रंदिवस जळत असतात. अशा वस्तीतील एका लहान ल्यूथरन शाळेचा तिसरीचा वर्ग केवळ कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. या मुलांना मरण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. शाळेच्या वाटेवर त्यांना अंत्ययात्रा भेटतात. काशीत मरण येणे हे भाग्य होय, कारण येथे मरणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारकमंत्र सांगतो व त्याची जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्यांची श्रद्धा आहे.

आता या वर्गात शिक्षिका सांगतात, “प्रभू येशू मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला.” पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याचे कान येथे टवकारतात. आपल्याला ‘पुन्हा’ या शब्दात आनंद ऐकू येतो. काशीतल्या मुलाला त्यात काय ऐकू येईल? ‘पुन्हा’ यावे लागू नये हीच तर त्याच्या आजीची प्रार्थना आहे. ‘पुनरुत्थान’ आणि ‘पुनर्जन्म’ हे शब्द एकाच उपसर्गाने सुरू होतात, आणि आठ वर्षांच्या मुलाने त्यांची गल्लत केली तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला वाटेल की येशूची सुटका झाली नाही, त्याला परत यावे लागले. ज्याला आपण शुभवर्तमान म्हणतो ते त्याला दुर्दैव वाटेल. म्हणून पौल रोमकरांस जे लिहितो त्याचा आशय येथे आधी सांगावा लागतो: ख्रिस्त जुन्या जीवनात परतला नाही, तो मरणातून पार गेला, आणि मरणाची सत्ता आता त्याच्यावर नाही.

मूळ ग्रीक शब्द मात्र मुलांच्या फार जवळचे आहेत. ‘अनास्तासिस’ या शब्दाच्या मुळाशी उठून उभे राहणे हा अर्थ आहे. दुसरे क्रियापद ‘एगेइरो’ हे झोपलेल्याला जागे करण्यासाठीही वापरतात. मार्काच्या शुभवर्तमानात याईराच्या मुलीचा हात धरून प्रभू तिला अरामी भाषेत ‘तलीथा कूम’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ सांगताना मार्क हेच क्रियापद वापरतो. रिकाम्या कबरेत त्या स्त्रियांना जी वार्ता मिळते तीही याच क्रियापदात. ती मुलगी बारा वर्षांची होती, म्हणजे शाळकरी वयाचीच. आई सकाळी अंथरुणाजवळ येऊन “ऊठ बाळा” म्हणते, तोच हा शब्द. आणि ती मुलगी उठल्यावर, तिला काही खायला द्या, असे प्रभू सांगतो. लहान मुलांना पुनरुत्थान सांगायचे असेल तर आरंभ येथून करावा.

पण शब्द नीट निवडला म्हणजे प्रश्न संपत नाही. समजा, त्या वर्गातील एक मुलगा उभा राहतो आणि विचारतो, “बाई, माझ्या आजोबांना मागच्या महिन्यात मणिकर्णिकेवर नेलं. ते पण उठतील का?” वाचकहो, येथे खरी परीक्षा मुलाची नसून शिक्षिकेची आहे.

तिच्यापुढे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला असा की, आपण वर्गात जे सांगतो ते मुले खरे मानतात याचा लाभ घेऊन ठाम उत्तर द्यावे, आणि त्या उत्तरासाठी काही अटही जोडावी. दुसरा असा की, वाद नको म्हणून विषय टाळावा, रंगवलेली अंडी व मिठाई वाटावी आणि पुढचा धडा काढावा. हे दोन्ही मार्ग मला असत्याचे वाटतात. दुसऱ्याविषयी आधी बोलतो. शाळेच्या दारावर क्रूस आहे, शुक्रवारी सुट्टी दिली आहे, आणि मुलाने त्याचे कारण विचारले आहे. त्याला गोड खाऊ देऊन गप्प करणे म्हणजे तटस्थता नव्हे. त्याचा प्रश्न ऐकण्याजोगा नाही असे त्याला शिकवणे होय. ज्याच्या आजोबांची चिता विझून महिना झाला आहे, त्याला रंगीत अंड्याने काय सांगावे?

पहिला मार्ग आपल्याला अधिक मोह पाडतो, कारण तो निष्ठेसारखा दिसतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपली घोषणा व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. मग शिक्षिकेने ठामपणे का बोलू नये, असे आपण म्हणाल. तिने ठामपणे अवश्य बोलावे, पण साक्षीदाराच्या ठामपणाने बोलावे. परीक्षकाच्या अधिकाराने बोलू नये. गणिताच्या तासाला तिचा शब्द प्रमाण असतो, कारण मूल तेच उदाहरण पुन्हा सोडवून ताळा पाहू शकते. विश्वासाच्या बाबतीत असा ताळा नाही. तेथे गणितातला अधिकार उसना आणून वापरला, तर मूल देवावर विश्वास ठेवत नाही. ते बाईंवर विश्वास ठेवते, आणि त्याला ते कळतही नाही.

याच काशीतील एक मराठी मनुष्य येथे आठवतो. चित्पावन घराण्यातील नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा. काशीत ते वाढले, तेथेच शास्त्रे शिकले. ख्रिस्ती धर्माचे खंडन करणारा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी तरुणपणी लिहिला. काशीतील मिशनऱ्यांशी त्यांनी वाद केले, शास्त्र वाचले, शंका काढल्या, आणि अखेर १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे या नावाने आपण त्यांना ओळखतो. पुढे पंडिता रमाबाईंच्या वाटचालीतही त्यांच्या लेखनाचा वाटा होता. त्यांच्या निर्णयाविषयी कोणाचे काही मत असो, तो त्यांचा स्वतःचा होता एवढे खरे. समोरच्याला उत्तर देण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी होते. तिसरीतल्या मुलापाशी ते नसते. म्हणूनच जो प्रतिवाद करू शकत नाही त्याच्याशी बोलताना आपण अधिक सावध असले पाहिजे.

भारताच्या राज्यघटनेने ही सावधगिरी कायद्यात आणली आहे. अनुच्छेद २८ नुसार, शासनमान्य अथवा शासनाचे साहाय्य घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. काही बांधवांना हा अडथळा वाटतो. पण ल्यूथर यांची लहान प्रश्नोत्तरावली उघडून पाहा. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्या माणसांना हे साध्या रीतीने शिकवावे, असे प्रकरणांच्या शीर्षकांतच सांगितले आहे. श्रद्धेचे पहिले विद्यालय घर आहे. मग दुसऱ्याच्या घराचा हा मान आपण राखू नये काय? शिवाय त्या पुस्तकाचा कणा म्हणजे वारंवार येणारा एक छोटा प्रश्न आहे: याचा अर्थ काय? प्रश्नावर उभ्या असलेल्या परंपरेच्या शाळेत मुलाच्या प्रश्नाला भिण्याचे कारण नाही.

पुनरुत्थानाच्या वृत्तांताकडेच आपण शिक्षकाच्या दृष्टीने पाहू या. पहिल्या सकाळी स्त्रियांनी सांगितलेली वार्ता प्रेषितांना निरर्थक बडबड वाटली, असे लूक लपवून ठेवत नाही. जे तीन वर्षे प्रभूच्या सहवासात होते त्यांनी पहिल्या दिवशी जे मानले नाही, ते आठ वर्षांच्या मुलाने एका तासात मानावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? थोमाने शंका काढली, तरी शिष्यांनी त्याला बाहेर घातले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, आणि त्या आठ दिवसांची सवड प्रभूने त्याला दिली. मग्दालीया मरीयेशी उठलेल्या प्रभूचे पहिले बोलणे म्हणजे एक प्रश्न होता: ती का रडते? त्याने तिचे रडणे चुकीचे ठरवले नाही. त्यानंतर त्याने तिला नावाने हाक मारली, आणि तिच्या तोंडून शब्द आला, ‘रब्बूनी’, म्हणजे गुरुजी. उठलेल्या ख्रिस्ताला कबरेपाशी मिळालेली पहिली हाक शिक्षकाची आहे. शिक्षकी पेशातील माझ्या बंधुभगिनींनी हे नीट लक्षात ठेवावे.

तेव्हा त्या शिक्षिकेने त्या मुलाला काय सांगावे? मला वाटते, आधी तिने धडा थांबवावा आणि आजोबांचे नाव विचारावे. ते कसे होते, त्याला काय सांगत असत, हे त्याला बोलू द्यावे. मग साधेपणाने सांगावे: “आम्ही ख्रिस्ती लोक असा विश्वास धरतो की देवाने येशूला मरणातून उठवले, आणि जे मरतात ते देवाच्या हातातून निसटत नाहीत. माझी आशा यावरच आहे. तुझ्या घरी आजी काय म्हणतात तेही तू त्यांना विचार.” यात काही लपवलेले नाही, आणि काही लादलेलेही नाही. ज्यांना हे अपुरे वाटते त्यांना मी एवढेच विचारीन की, बाकीचे काम पवित्र आत्म्याचे आहे असे आपण खरोखर मानतो की नाही?

शब्द संपल्यावर मात्र वर्गाचे रोजचे जीवन बोलू लागते, आणि मुले ते अधिक बारकाईने वाचतात. ‘अनास्तासिस’ म्हणजे उभे राहणे हे आपण पाहिले. आपल्या शाळांत उभे राहणे ही पुष्कळदा शिक्षा असते. गृहपाठ न केलेला मुलगा बाकावर उभा राहतो आणि वर्ग त्याला हसतो. ज्या वर्गात उभे राहणे म्हणजे अपमान, तेथे पुनरुत्थानाचा अर्थ कसा उमगावा? पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले होते. समुद्रकाठी प्रभूने आधी कोळशावर न्याहारी तयार ठेवली, सगळ्यांना जेवू घातले, आणि मग तीन वेळा प्रश्न विचारून त्याच्यावर मेंढरे सोपवली. चूक झाकली नाही, पण चूक करणाऱ्याला उठवले. नापास झालेल्या मुलाला पुन्हा पाटीसमोर बसवणारी, मागच्या बाकावरच्या मुलीला हजेरीत तिच्या पूर्ण नावाने सन्मानाने हाक मारणारी, उपाशी आलेल्याला आधी काही खायला देणारी शिक्षिका ईस्टरचा धडा वर्षभर शिकवीत असते. त्यासाठी कोणाच्या पालकाची संमती लागत नाही.

म्हणून, प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीची शाळा असेल, किंवा आपण कोणत्याही शाळेत शिकवीत असाल, तर या वर्षी ईस्टरच्या रविवारी उपासनेतून घरी आल्यावर थोडा वेळ हजेरीपुस्तक डोळ्यांपुढे आणा. त्यातील कोणते मूल पडलेले आहे? कोणाच्या घरी मरण येऊन गेले आहे? कोणाला कित्येक दिवसांत कोणी नावाने हाक मारलेली नाही? त्या मुलाचा हात धरण्याचे सामर्थ्य, ज्याने याईराच्या मुलीचा हात धरला तो प्रभू आपणांस देवो.