खोकडाला शिक्षा, कुत्र्याला भाकरी

वह्या वाटायच्या आधी थोडं बोलणार आहे, आणि ते गोड लागणार नाही. प्रकल्पाचा विषय फळ्यावर दिला होता: आपल्या परिसरातल्या वन्यजीवांना असलेला धोका. आपला परिसर म्हणजे औराद तालुका, फार तर भालकी, बसवकल्याण, आणि खाली कलबुर्गीकडे आळंद, चिंचोळी. तुमच्या वह्यांत मात्र कांगारू उड्या मारतायत.

अर्ध्या वर्गाने एकाच ठिकाणाहून उतरवलंय हे ओळखायला मला पंचांग काढावं लागत नाही. सगळ्यांची चूक एकाच ओळीत कशी होते रे? ‘भटकी मांजरे व कोल्हे स्थानिक वन्यजीवांचा नाश करतात, म्हणून त्यांना विषारी आमिष घालून संपवावे.’ स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. एस.एस.एल.सी.ला बसणार आहात तुम्ही, आणि घरामागच्या माळावर काय फिरतं ते तुम्हाला मोबाइलला विचारावं लागतं.

तुम्ही उतरवलेली गोष्ट खोटी नाही. ती ऑस्ट्रेलियाची आहे. तिथला तांबडा कोल्हा तिथला नव्हेच. एकोणिसाव्या शतकात साहेबाला घोड्यावर बसून कोल्ह्याची शिकार करायची हौस होती, म्हणून त्याने तो जहाजातून नेऊन सोडला. मांजर त्याच्याही आधी, १७८८ साली वसाहत करायला गेलेल्यांबरोबरच उतरलं. तिथल्या पिशवीवाल्या लहान प्राण्यांनी असले शिकारी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून आजवर त्या देशातले तीसहून अधिक सस्तन प्राणी कायमचे गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मरणात या दोघांचा हात आहे. आता ते विष. ते जे विष वापरतात, तेच पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांत मुळातच असतं. पिढ्यान्‌पिढ्या त्या झुडपांत वाढलेल्या तिथल्या देशी प्राण्यांना ते बरंचसं पचतं, बाहेरून आलेल्या कोल्ह्याला पचत नाही. आपल्या गायरानात निसर्गाने अशी सोय केलेली नाही. इथे मटणाच्या तुकड्याला कीटकनाशक लावून टाकलंत तर आधी खोकड मरेल, मग कोल्हा, मग त्यांच्या मढ्यावर उतरलेली घार, आणि शेवटी शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा. गुन्हा होईल तो वेगळाच.

खोकड किती जणांनी पाहिलंय? हात वर करा. दोन? बरं.

खोकड म्हणजे आपल्या माळावरचा लहानगा कोल्हा. ते इथलं आहे, तुमच्या पणजोबांच्याही आधीपासूनचं. वजन जेमतेम दोन-तीन किलो, शेपटीचं टोक काळं. माळावर बिळं करून नर-मादी जोडीने राहतात. उंदीर, टोळ, वाळवी, बोरं, सापडली तर पाखरांची अंडी, हे त्याचं जेवण. तुमच्या तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतातले उंदीर ते फुकट खातं, आणि तुम्ही वहीत त्याला मृत्युदंड लिहून मोकळे झालात. त्या निकालपत्रावर मी शून्य गुण दिले आहेत. गुणांवरून रडायला कुणी स्टाफरूममध्ये येऊ नका.

खरा आरोपी कोण, ते एकानेही लिहिलं नाही. लिहिणार कसे? तो तुमच्याच ओसरीवर झोपलेला असतो.

आपल्या शेजारी, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आबी वनक नावाच्या शास्त्रज्ञाने खोकड आणि कुत्रा यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. खोकडासमोर खाणं ठेवलं आणि जवळपास कुत्रा असला, तर ते खाणं सोडून मान वर करून बघत बसतं, कमी खातं. जिथे कुत्र्यांचा वावर, तिथे ते फिरकत नाही. म्हणजे कुत्र्याने त्याला दात लावायचीसुद्धा गरज नाही, नुसता हिंडला तरी खोकडाचं अर्धं रान हिसकावलं जातं. वर रोग आहेतच. त्या भागातल्या बहुतेक मोठ्या कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूंची लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. हे रोग खोकडालाही होतात. लस टोचून घ्यायला खोकड कुठल्या दवाखान्यात जाणार? गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यामागे इतर कारणांबरोबर हाच डिस्टेंपर निघाला. जो सिंहाला आडवा करतो तो दोन किलोच्या जनावराचं काय करील?

आता नीट ऐका, कारण हे परीक्षेत येणार नाही. लांडगा ससे खातो. ससे कमी झाले की लांडग्याची पिल्लं उपाशी राहतात, लांडगे कमी होतात, ससे पुन्हा सावरतात. हा हिशोब आपोआप चालतो. कुत्र्याला हा हिशोब लागूच नाही. माळावरचं शेवटचं पाडस त्याने मारलं तरी संध्याकाळी त्याची भाकरी ठरलेली. भक्ष्य संपलं म्हणून त्याची संख्या घटत नाही, कारण त्याला पोसतोय तुमचा उकिरडा आणि चिकन सेंटरमागचा ढीग. ज्याला शिकार करायची गरज नाही, त्याची शिकार कधी थांबत नाही.

आणि शिकार कुणाची? बिदरच्या माळावरच्या काळविटाची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. कोरड्या जमिनीवर कुत्रा त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू शकत नाही. पण पावसाळ्यात आपली काळी जमीन कशी होते ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या चपला रुततात तिच्यात. काळविटाचे टोकदार खूर त्या चिखलात खोल जातात, पाय निघत नाही, आणि मागे पाच-सहा कुत्र्यांचं टोळकं. कुत्र्याचा पंजा पसरट, तो वरच्यावर पळतो. शिवाय मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात निपचित ठेवून स्वतः लांब चरते. पाहणाऱ्याला ते पाडस दिसत नाही. कुत्र्याला बघावं लागत नाही, त्याला वास पुरतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक पाठलाग या वर्गातल्या एकाने मोबाइलवर घेतला आणि त्याला सिनेमाचं गाणं लावून पाठवला. मला तो कुणी दाखवला हे विचारू नका. तू मान खाली घालू नकोस, ऐक. दगड उचलला असतास तर एक जीव वाचला असता. हातात मोबाइल होता म्हणे.

‘सर, हरणं पीक खातात.’ खातात. कोवळा हरभरा पहाटे साफ करतात, मीही शेतकऱ्याच्या घरचाच आहे. त्यासाठी वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज असतो. तुमच्या वडिलांना तो भरून द्या, इतकं कन्नड तुम्हाला शाळेने शिकवलं आहे. रात्री तीन कुत्री मोकळी सोडून देणं हा अर्ज नव्हे.

देशभरातली माहिती गोळा करून २०१८ साली एक शोधनिबंध निघाला. कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या ८० जाती त्यात नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या ३१ धोक्यात आलेल्या. पुण्याकडच्या माळांवर तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेली जनावरं सापडली. म्हणजे न मारताही लांडगा संपवता येतो.

एवढी कुत्री वाढली कशी, हेही कुणी विचारलं नाही. पूर्वी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि गिधाडं तासाभरात हाडं उघडी करायची. १९९० नंतर गिधाडं मेली, कारण गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं. सरकारने गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. मढी मात्र पडतच राहिली, आणि त्या जेवणावर कुत्री बसली. त्या काळात देशातली कुत्री ५० लाखांहून जास्त वाढली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१९ च्या पशुगणनेत नुसती भटकी कुत्री १ कोटी ५३ लाख भरली. तुमच्या राखणीची त्यात धरलेली नाहीत.

मांजरांवर ज्यांनी लिहिलं त्यांनीही कॉलर ताठ करू नये. घरात मांजर व्याली की पिल्लं पोत्यात घालून, गाडीवरून उदगीरच्या रस्त्याला किंवा रानाच्या कडेला कोण सोडून येतं? ‘देवाच्या भरवशावर सोडलं’ म्हणायचं वर. त्यातली निम्मी मरतात, उरलेली चंडोल, तित्तर, टिटवी यांच्या जमिनीवरच्या घरट्यांवर जगतात. न्यूझीलंडच्या एका चिमुकल्या बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजर गेलं, आणि तिथलं न उडणारं एक पाखरू काही वर्षांतच जगातून नाहीसं झालं. लोक सांगतात एकाच मांजरीने सगळी मारली. एकटीने नाही, तिच्या पिल्लावळीने.

मग कुत्री मारायची का? नाही. कायदा तसं करू देत नाही, आणि मारूनही उपयोग नाही. उकिरडा तसाच राहिला तर वर्षभरात दुसरी येतात. २०२३ चे नियम सांगतात, नसबंदी आणि लस. भटक्यांसाठी ते काम नगरपरिषदेचं, ग्रामपंचायतीचं. ग्रामसभेत हा प्रश्न तुमच्या गावात शेवटचा कधी निघाला, घरी विचारून बघा. घरच्या कुत्र्याचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. रात्री बांधायचं, रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस द्यायची. मेलेलं जनावर खड्ड्यात पुरायचं. यातलं एकही काम ऑस्ट्रेलियाला जाऊन करावं लागत नाही.

भूतदयेवर निबंध लिहिणाऱ्या मुलींनाही सांगतो, ‘मुकी जनावरं’ एवढं लिहून भागत नाही. जिला रोज बिस्किटं घालता त्या कुत्रीची नसबंदी करून घ्यायला गाडी करून दवाखान्यात नेलंत कधी? पाडसही मुकंच असतं.

प्रकल्प पुन्हा लिहायचा आहे. चिंचोळीचं अभयारण्य २०११ साली झालं, त्याबद्दल मजकूर उतरवून आणाल, तेही नको. आपल्या गल्लीतली कुत्री मोजा. किती बांधलेली, किती मोकळी, किती जणांना लस, मेलेलं ढोर गावात कुठे टाकतात, चिकन सेंटरची घाण कुठे जाते. खाली घरच्यांची सही. सोमवारी वही माझ्या टेबलावर हवी. आणि तू, व्हिडिओवाला, स्वतःच्या घरची तीन कुत्री त्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिही.